बोहनीचा कॅमेरा

भडगावात प्रेमराजला लोक मागून 'परत घाला' म्हणत. नवरी हार घालायची, नेमका तेव्हाच ह्याचा फोकस हुकायचा, आणि भर मांडवात हा हात वर करून म्हणायचा, "परत घाला." तालुक्यातली कितीतरी जोडपी त्याच्यापायी एकमेकांच्या गळ्यात दोनदा पडली. पुढं कोणाचं पटलं, कोणाचं नाही. व्हिडिओत मात्र सगळ्यांचं झकास जमलं होतं.

मोबाइलवर परदेशी लोकांचे कॅमेऱ्यावरचे व्हिडिओ बघून बघून प्रेमराजला एक दिवस साक्षात्कार झाला, की आपण शूटिंगवाले नाहीच, आपण डॉक्युमेंटरी फिल्ममेकर. हा बदल त्यानं आधी व्हिजिटिंग कार्डावर केला. बाकी ठिकाणी करायचा राहिला.

विषय मात्र आपल्या पायांनी चालत स्टुडिओत आला. गिरणाकाठच्या खेड्यातल्या सुनंदाबाई, गावाच्या अक्का. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसली की गाणी त्यांनीच म्हणायची, असा कित्येक वर्षांचा रिवाज. गाणी सगळ्या बायांना येत, पण अक्कांनी त्यांत स्वतःच्या ओळी घातल्या होत्या. घरातली एकेक बाई गेली, की तिचं नाव आणि तिची एखादी खोड अक्का गाण्यात गुंफून टाकत. कोण भाकरी करपवायची, कोण नवऱ्याला आडनावानं हाक मारायची. त्या ओळी दुसऱ्या कोणाच्या तोंडात नव्हत्या.

"मन्हा गळामां गाठ शे," त्या खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या. "डाक्टर आवाजनी पेटीच काढणार शे. त्याना पहिले बठ्ठा गाना भरी ले. मी गाऊ शकनू नही तरी कानबाईनी ऐकाले पाहिजे, ना मन्ही सून शिकाले पाहिजे."

"अक्का, सगळी गाणी भरून घ्यायची, हे काम साध्या कॅमेऱ्याचं नाही," प्रेमराज गंभीर झाला. "नवा घेतो, मग येतो."

मग निवड सुरू झाली. मुलगी बघायलाही कोणी इतक्या वेळा जात नाही इतक्या वेळा तो जळगावच्या दुकानात गेला. मोठ्या सेन्सरचा घ्यावा, तर तापतो म्हणतात. न तापणाऱ्यात कार्ड एकच. ते बिघडलं तर? दोन कार्डांचा घ्यावा, तर पुढच्या महिन्यात त्याचा नवा अवतार येतोय. अक्का फोनवर निरोप धाडत राहिल्या. दर निरोपाला आवाज जास्त घोगरा. शेवटचा फोन सून सरितानं लावून दिला.

"भाऊ, तुना क्यामेरा येवालोंग मी राहसू का?"

"आलाच, अक्का. रंग फार सुंदर देतो."

शेवटी दोन कार्डांचा घेतला. दुकानदारानं विचारलं, "माइक, हेडफोन?" प्रेमराजनं त्या पैशात लेन्स घेतली. पाठीमागचं धूसर करणारी. धूसर पाठीमागशिवाय डॉक्युमेंटरी होत नाही, हे त्याला पाठ होतं.

आता, नवा कॅमेरा पहिल्यांदा मंगलकार्यात चालवायचा, ही धंद्यातली रीत. बोहनी लग्नात झाली की यंत्राला बरकत येते म्हणतात. प्रेमराजनं ती बोदवडच्या एका लग्नात केली. तिथं डीजे असा, की पत्रावळीतलं वरण थरथरत होतं. अशा ठिकाणी शूटिंगवाले कॅमेऱ्याचा आवाज मेनूतूनच बंद करतात. नाहीतरी मिक्सिंगवाला तो काढून वर सिनेमाची गाणीच टाकतो. प्रेमराजनंही बंद केला. सवयीनं, पंगतीकडं बघत.

अक्कांना दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी तो एकदाचा त्यांच्या ओट्यावर पोचला. कोंबड्या हाकलल्या, खाट हलवली, अक्कांचा चष्मा चमकतो म्हणून काढायला लावला. सरिता कोपऱ्यात मोबाइल धरून उभी होती. अक्कांनी खाकरून सुरुवात केली, तोच प्रेमराज उखडला. "वहिनी, ते डबडं बंद करा. फ्रेममध्ये येतंय. इथं मोठा कॅमेरा आहे ना?"

सरितानं मोबाइल पदरात घातला.

अक्का गायल्या. मधे पाणी प्यायल्या, पुन्हा गायल्या. मेलेल्या सगळ्या बाया एकेक करून ओट्यावर येऊन बसल्या. एक गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "उना का बराबर?" प्रेमराज डोळा न काढता म्हणाला, "एक नंबर. परत घ्या, आता बाजूनं." फाटत चाललेल्या गळ्यानं अक्कांनी ते परत घेतलं.

घरी येऊन त्यानं सगळं शिस्तीत केलं. दोन्ही कार्डं दोन हार्डडिस्कवर उतरवली. फाइलींना तारखेची नावं दिली. ऑपरेशन होईस्तोवर तो पोस्टरच्या अक्षरांत गुंतला होता. मग मिक्सिंगवाल्या मोतीलालकडं गेला.

मोतीलालनं पहिला तुकडा लावला. "चित्र सोनं आहे. आवाज वेगळा आणला का?"

"त्यातच आहे."

"त्यात तर नाही."

दुसरा तुकडा, तिसरा, दुसरं कार्ड, दुसरी डिस्क. अक्का तोंड उघडत होत्या, मिटत होत्या, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारख्या. आवाजाची रेघ खालून सपाट गेली होती. दोन कार्डांचा फायदा हा, की तीच शांतता चार ठिकाणी सुरक्षित होती.

"बोहनी केली होती का लग्नात?" मोतीलालनं विचारलं. प्रेमराजनं कॅमेऱ्याचा मेनू उघडला, तर आवाज बोदवडपासून बंदच.

सांगून टाकायचा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. पण पोस्टर छापून झालं होतं. त्यानं धुळ्याहून नूतनला बोलावलं. ती ऑर्केस्ट्रात गायची, आणि कानबाईची गाणी तिला माहेरची येत. अक्कांच्या ओठांवर तिनं आवाज बसवला. चांगला, कोवळा, मधाळ. अक्कांच्या स्वतःच्या ओळी तिला कुठून येणार? तिथं मोतीलालनं ड्रोनमधून दिसणारी गिरणा टाकली. नदीत पाणी कमी होतं, म्हणून जरा निळा रंग भरला.

श्रावणात कानबाई बसली. पूजा झाल्यावर अक्कांच्या ओट्यावर भिंतीला चादर लावून फिल्म दाखवली. अक्का पुढं बसल्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल. पहिल्याच ओळीला बायांनी डोळ्यांना पदर लावले.

"काय गोड गळा व्हता माय."

"तरणपनमां असाच व्हता."

अक्का उठल्या. चादरीकडं बोट केलं आणि मान हलवली, नाही, नाही, नाही. रुमालामागून नुसती हवा फुसफुसली. दोघी-तिघींनी त्यांना धरून खाली बसवलं. "गहिवरी उनं अक्काले," कोणीतरी म्हणालं. ड्रोन गिरणेवरून फिरत होता. त्या निळ्या पाण्याखाली अक्कांच्या सगळ्या बाया एकेक करून गेल्या.

फिल्म संपली, टाळ्या झाल्या. अक्कांनी सुनेच्या कमरेचा मोबाइल ओढला आणि तिच्या हातात कोंबला. सरिताला कळलं. तिनं तो वर धरून लावला. एक खाकरणं. खरवडलेल्या आवाजात 'कान' एवढंच अर्धं. आणि लगेच खणखणीत: 'वहिनी, ते डबडं बंद करा.'

सगळा ओटा खो खो हसला. बायांना वाटलं, पिच्चरनंतरची गंमत आहे. "परत घाला," मागून कोणीतरी ओरडलं. सरितानं परत लावलं. पुन्हा तेच अर्धं नाव, पुन्हा तोच दम, पुन्हा हशा. अक्का एकेका तोंडाकडं बघत राहिल्या. काही वेळानं त्यांनी बघणं सोडलं.

प्रेमराजही हसला. न हसून चाललं नसतं. वायरी गुंडाळायला तो खाली वाकला, तेव्हा सरिता त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, तुमना आवाज मात्र झकास उना शे."

त्यानं वायरीला आणखी एक वेढा दिला. तेवढ्यात शेजारच्या गावचा एक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्या नानांचंही काढून द्या बुवा. खोकला फार आहे त्यांना. पण आवाज असाच गोड आला पाहिजे."

"येईल," प्रेमराज म्हणाला.