फ्रीजमध्ये गंज मावला पाहिजे

आमच्या घरात कोणी विनाकारण गोड बोलायला लागलं की मी आधी दुधावरची साय पाहते. लेक लहान असताना साय खाऊन आला की असाच लाडात यायचा. आता त्यालाच एक मुलगी आहे, तरी माझी सवय गेली नाही. म्हणून त्या दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला, "आई, यंदा आपण फ्रीज घेऊनच टाकू," तेव्हा आनंद राहिला बाजूला, मला शंकाच आली.

आत्ताच काहून? इतकी वर्षं दर उन्हाळ्यात मीच म्हणत होते की दूध नासते, भाजी आंबते, घ्या बापा एखादा फ्रीज. दर वेळी याचं एकच उत्तर, "जागा कुठी हाय आई?" ते खोटंही नव्हतं. दिग्रसचं आमचं स्वयंपाकघर असं, की मी ओट्यापाशी उभी असले आणि सुनेला मागच्या दाराकडे जायचं असलं तर मला पोट आत ओढावं लागायचं. ओटा आणि ते दार यांच्या मधे एक कोपरा, त्यात तिवईवर माठ. मग यंदा काय भिंत सरकली?

"माठ समोरच्या पडवीत ठेवू न आई," सून म्हणाली. इतकं चटकन म्हणाली, की दोघांचं आधीच बोलून झालेलं होतं हे मी ओळखलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी माठ उचलून कोपरा वितीनं मोजला. लेकानं टेप आणला, पण मला त्या टेपाचा भरवसा नाही, त्याच टेपानं मोजून आणलेला पलंग दारातून आत गेला नव्हता. माझ्या वितीच्या हिशेबानं चांगला मोठा फ्रीज बसत होता, मागे हवेला चार बोटं सोडूनही.

दुसऱ्या दिवशी दुकानात निघताना मी दुधाचा गंज, म्हणजे आमचं ते मोठं पातेलं, घासून कापडी पिशवीत घातला. आमच्या पाच जणांचं दूध त्या गंजात तापतं. लग्नात मला माहेरून आला तो, पोट मोठं आणि काठ जाड.

"गंज कायले घेता आई?" सून म्हणाली.

"फ्रीज काय शोभेले घेऊन राह्यलो? त्याच्यात गंज मावला पाहिजे."

दुकानदारानं दारातच "या काकू, या" केलं. मी याची कुठली काकू? मी त्याच्या प्रत्येक फ्रीजच्या मागे जाऊन पोचा पडलाय का ते पाहिलं, रबर ओढून पाहिलं, दार ओट्याच्या बाजूला उघडेल की भिंतीच्या, ते दोनदा विचारलं. मग एका मोठ्या फ्रीजमध्ये गंज ठेवला. असा बसला, जणू मापानंच केलेला. मी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. म्हटलं, झालं, हाच घ्यायचा.

मागे वळून पाहते तर लेक आणि सून पार दुसऱ्या टोकाला, सगळ्यात लहान फ्रीजपाशी.

"आई, हा पाहा, खाली कांद्यायचा कप्पा बी हाय," सून म्हणाली.

त्यात गंज घातला तर वरच्या जाळीला अडकला. "जाळी काढली तर मावते," दुकानदार म्हणाला. "मग त्या जाळीचं काय करू, गळ्यात घालू?" मी म्हटलं. मला वाटलं, याचा जुना माल पडून असेल, लेकाला पटवलं असेल. पण तोच दुकानदार म्हणतो, "काकू बराबर बोलून राह्यल्या. पाच माणसं असन तर मोठाच घ्या." दुकानदार आणि मी एका बाजूला, आणि पोटचा पोरगा दुसऱ्या! असं कधी झालं नव्हतं.

"पैशाचं अडत असन तर सांग," मी लेकाला हळूच म्हटलं.

"पैशाचं नाही आई. लहानच घेऊ." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

"काय झालं वं?"

"धूळ गेली."

काचेच्या दाराचं, एसी लावलेलं दुकान. त्यात धूळ कुठून येणार?

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पक्कं झालं की हे वेगळी चूल मांडणार. म्हाताऱ्यांना लहान फ्रीज, स्वतःला मोठा. दोन गल्ल्या सोडून खोलीही पाहून ठेवली असेल. आमच्या यांना म्हटलं, तर यांनी पेपर वर केला आणि म्हणाले, "तुले सगळ्यायचाच संशय येते." पण मी नजर ठेवली. सरगुंड्यांसाठी रवा भिजवला त्या दिवशी सून म्हणाली, "आई, यंदा थोडेच करू." दर वर्षी आम्ही दोघी गच्चीवर बसून काड्यांवर शेवयांसारखे सरगुंडे वळतो, वाळवून डबे भरतो, आणि नात आमरसासोबत ते वाटीवाटीनं हाणते. "काहून? पोरीले आवडनासे झाले का?" मी विचारलं. ती परात उचलून आत गेली. पोरीच्या शाळेच्या नव्या ड्रेसचंही कोणी नाव काढत नव्हतं. सारे ताकाला तूर लागू देत नव्हते.

फ्रीज आला. कोपऱ्यात बसला, दारही ओट्याला न लागता उघडलं. सून आत लहान लहान स्टीलचे डबे मांडून मला समजावायला लागली, "वरण एकदाच करून याच्यात ठेवा आई, दोन दिवस निघते. सारखं गॅसपाशी उभं नका राहू."

"दोन दिवस? आपल्या घरी सकाळचं वरण संध्याकाळी दिसत नाही!"

सून डब्यांची झाकणं लावत राहिली. मी लेकाला म्हटलं, "खरं सांग. हा फ्रीज किती माणसायचा घेतला?"

तो खाली पाटावर बसला. "दोघायचा, आई."

मग सगळं बाहेर आलं. नागपूरला बदली. जूनमध्ये जायचं. पोरीची तिकडे शाळाही ठरलेली. बदली थांबते का पाहत होतो, म्हणून सांगितलं नाही, म्हणाला. "तुम्ही दोघं बी चला." मी यांच्याकडे पाहिलं. पेपर तोंडासमोरून हलला नाही, तेव्हा कळलं की यांनाही माहीत होतं आणि यांनी नाही म्हणून सांगूनही टाकलं होतं.

मला असा राग आला, की डबे उचलून अंगणात फेकावेसे वाटले. मग रडूच आलं. जन्मभर माझ्या शंका खोट्या निघाल्या आणि मी तोंडावर पडले. ही एवढी एक खोटी निघाली असती तर मी दिग्रसभर पेढे वाटले असते.

ते गेले. गंज आता मांडणीवर सगळ्यात वर उपडा आहे. दूध लहान पातेल्यात तापतं. परवा दुपारी यांनी पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला आणि तसेच आत पाहत उभे राहिले.

"काहून वं," हे म्हणाले, "लहान हाय, लहान हाय म्हणून दुकानात भांडली होती न? याच्यात तर जागाच जागा हाय."

"दार लावा," मी म्हटलं. "गारवा निघून जाते."