अडलेला शब्द

वैष्णवीने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की तिची नखं पांढरी पडली होती. सातवीच्या वर्गात ती मराठीचा धडा वाचत होती आणि ‘पाखरू’ या शब्दावर अडली होती. ती बोलताना अडखळते हे मला ठाऊक होतं. पण आज वाचायला तिनेच हात वर केला होता. नेमक्या आजच मुख्याध्यापिका माझा तास बघायला मागे येऊन बसल्या होत्या, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

“बाई, मी सांगू?” शेजारची मुलगी म्हणाली. मी मानेनेच नको म्हटलं.

“दुसऱ्या कुणाला तरी द्या वाचायला,” मागून आवाज आला.

“थांबू या, मॅडम. वाचतेय ती,” मी म्हणाले.

शिकवणं म्हणजे काय, यावर मुलाखतीत मी भरभरून बोलले होते. त्या बोलण्यात अशी शांतता कुठेच नव्हती. शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो देऊन टाकला असता तर सगळे सुटले असते, मीसुद्धा. पण मग तो तिचा राहिला नसता. मुलांना द्यायचं कसं, हे मी शिकून आले होते. हात आवरून उभं राहायचं कसं, हे आत्ता शिकत होते.

“पा… पाखरू.”

मुख्याध्यापिकांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मी “शाब्बास, बस” म्हणणार, तोवर वैष्णवी पुढची ओळ वाचू लागली होती.