झोपलेला सिलिंडर
हाताला डिझेलचा वास लागला की सासऱ्यांची जुनी जीप आठवते. माझं नवंनवं लग्न, राळेगावचं अंगण, आणि जागेवर उभी जीप अशी थरथरत होती की तिच्या आरशात तोंड दिसेना. सासरे बॉनेट उघडून एकेका सिलिंडरचा डिझेल पाइप ढिला करत, कान देत, पुन्हा कसत. मला राहवेना. "मामाजी, असं काहून करून राह्यले?" "ऐक बेटा, ज्याचं डिझेल तोडल्यावरबी आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच झोपला हाय." तिसऱ्याला आवाज बदललाच नाही. परवा आठवडाभर माहेरी राहून परतले. मी नसतानाही घर नेहमीसारखंच चालू होतं. चप्पल न काढता मी दारातच कान देऊन उभी राहिले.