इतर व्यवसाय : होय

माझा भाचा समाधान व्हिडिओ गेम बनवतो. हे वाक्य मी नातेवाइकांत कधी उच्चारत नाही. कुणी विचारलंच तर ‘महाळुंग्याला कंपनीत आहे’ म्हणून मोकळा व्हायचो. तेही निम्मंच खरं, कारण तो कंपनीत नव्हता, ठेकेदाराकडे होता.

ठेकेदाराची रीत सगळ्या चाकणला माहीत आहे. सात महिने भरले की ब्रेक. गेटवर कार्ड चालेनासं होतं, माणूस महिना-दीड महिना घरी बसतो आणि नव्या नंबरानं पुन्हा त्याच मशीनवर उभा राहतो, म्हणजे कायम करा म्हणायला त्याला तोंड उरत नाही. बाकीची पोरं ब्रेकला घाबरतात. कुणी डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतं, कुणी ठेकेदाराच्या पाया पडतं. आमचे भाचेबुवा ब्रेकची वाट पाहायचे. सात महिने प्रेसवर पत्रे ठोकायचे, मेसचा एक वेळचा डबा बंद करून पैसे साठवायचे, आणि ब्रेक लागला की खोलीचं दार लावून गेम करत बसायचं. अशी चार वर्षं घालवली त्या दीडशहाण्यानं.

मी उद्धवराव शेळके. त्याच कंपनीत बावीस वर्षं पर्मनंट आहे, क्वालिटीला. माल बघायचा आणि नापास करायचा, हे माझं काम. त्यामुळे पहिल्यांदा एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी पुनावळ्याहून त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा काय बघायला मिळणार याची मला कल्पना होती. जुन्या बाजारातला कॉम्प्युटर, पडद्यावर मधोमध उभी हिरवी रेघ. गेमचं नाव ‘सात महिने’. त्यात एक माणूस, एक प्रेस, एक गेट. प्रेसचा आवाज रेकॉर्ड करायचा तर मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून या पठ्ठ्यानं फडक्यात गुंडाळलेलं कुकरचं झाकण फरशीवर आपटून तो आवाज काढला होता. वाटेल तसली दरिद्री अक्कल!

“यात जिंकतं कोण?” मी विचारलं.

“कुणीच न्हाई मामा. सात महिने टिकायचं फक्त.”

“आणि हे लोक पैसे देऊन खेळणार? अरे, इथं पगार देऊनसुद्धा कुणी टिकत नाही.”

तो हसला. चिडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. मग मी चुका काढायला लागलो. प्रेसची दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात. तुझा माणूस एका हातानं दाबतोय, बोटं जातील की गाढवा. भोंगा व्हायच्या आधीच लोक हात धुवायला पळतात, तुझे अजून उभेच. सुपरवायझर इतका गोड कधी बोलतो? समाधान सगळं वहीत लिहून घ्यायचा. पुढचे कितीतरी गुरुवार मी जात राहिलो. गेमच्या ओढीनं नव्हे. माणसाला हसायला कुठंतरी जागा लागते.

मग कंपनीत आठ जागा निघाल्या, पर्मनंटच्या. बाहेर ठेकेदाराची दोन हजार पोरं आणि आत आठ खुर्च्या. मी दोन महिने प्लँट मॅनेजरच्या मागे मागे फिरलो, नको त्याला साहेब म्हटलं, आणि समाधानचं नाव यादीत घातलं. गावाकडं माझी बहीण सावित्री फोनवर रडली. एक स्थळ केवळ याच बातमीसाठी थांबलेलं होतं. राहिला होता एक फॉर्म.

तिसऱ्या पानावर प्रश्न असतो : ‘आपल्या नावे इतर कोणताही व्यवसाय आहे काय?’ सगळे ‘नाही’ लिहितात. आमच्यात कुणाचा पाण्याच्या जारचा धंदा आहे, कुणाच्या भाड्याच्या खोल्या, कुणाची प्लॉटिंगची दलाली. सगळं बायकोच्या नावावर. माझे दोन टेम्पो विजयश्रीच्या नावावर आहेत आणि ती बिचारी एकदाही त्यात बसलेली नाही. याला कुणी खोटं म्हणत नाही, याला संसार म्हणतात. समाधानचा गेम त्याच आठवड्यात ऑनलाइन विक्रीला लागणार होता. मी बजावून सांगितलं, बनवणाऱ्याच्या जागी आईचं नाव टाक आणि फॉर्मवर ‘नाही’ लिही.

त्यानं लिहिलं, ‘होय. व्हिडिओ गेम.’ वळणदार अक्षरात!

एचआरच्या श्रद्धा मॅडम चांगल्या. त्यांनी मला बोलावून कोरा फॉर्म दिला, म्हणाल्या, त्याला पुन्हा भरायला लावा. त्यानं पुन्हा भरला आणि पुन्हा तेच लिहिलं. जागा राजगुरुनगरच्या एका पोराला गेली. वर ठेकेदारानंही सांगून टाकलं, आता नवा नंबर मिळणार नाही.

त्या गुरुवारी मी त्याच्या खोलीवर गेलो ते त्याला सोलून काढायलाच.

“काय करायलास हे? आईचं नाव टाकायला काय धाड भरली होती?”

“आईनं कुठं बनवलाय मामा? मी बनवलाय.”

“किती खपले तुझे गेम?”

“एकसष्ट.”

मी मोठ्यानं हसलो. एकसष्ट! पोटभर हसलो. मग तो म्हणाला, “मामा, तुम्ही शेवटापर्यंत कधी खेळलाच न्हाई. शेवट बघा.”

त्यानं शेवट लावला. काळ्या पडद्यावर त्याचं नाव आलं आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात : ‘चुका काढल्या – उद्धवराव शेळके.’

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. मी ती ओळ दोनदा वाचली. मग प्लँटमधला कुणीतरी हा गेम विकत घेतोय, शेवटापर्यंत जातोय आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन दाखवतोय, हे सगळं डोळ्यांसमोर आलं.

“काढ ते,” मी म्हणालो.

“मामा, एकसष्ट जणांनी—”

“काढ म्हणतो ना! माझी अजून आठ वर्षं राहिलीत.”

त्यानं वाद घातला नाही. कीबोर्ड पुढं ओढला, काहीतरी उघडलं, ओळ पुसली आणि शेवट पुन्हा लावला.

“बघा,” तो म्हणाला, “झालं का बरोबर?”

मी चष्मा लावून पडद्याजवळ गेलो आणि नीट पाहिलं. माझं नाव कुठंच नव्हतं.