टाकी आतून कशी दिसते

कस्तुराबाई लग्न होऊन वळसंगच्या अलीकडच्या त्या गावात आल्या, त्याच वर्षी तिथं पाण्याची उंच टाकी बांधायला काढली होती. नवरा बिरुदेव तेव्हाही मेंढरं घेऊन रानातच असायचा, म्हणून सासूनं नव्या सुनेला टाकीच्या कामावर धाडलं. सिमेंटची घमेली वर पोचवायला बायकांची रांग लागायची. कस्तुराबाईंची जागा बांबूच्या मधल्या माचावर. खालून आलेलं घमेलं घ्यायचं आणि वरच्या हातात द्यायचं. अगदी वर मात्र गवंडी आणि गडीमाणसं. टाकी झाली, पाणी चढलं, पण आपण दिलेला माल वर जाऊन काय झाला हे त्यांना कधी बघायला मिळालं नाही.

बाई मुळातच चौकस. एसटीत बसल्या की कंडक्टरला तिकिटाचं यंत्र कसं चालतं ते विचारणार. पाणी सोडणारा गुंडा नावाचा गडी दिसला की त्याला अडवून विचारायच्या, टाकी आतून कशी दिसते? पाणीच की, दुसरं काय असणार, असं म्हणून तो निघून जायचा. त्यांचं काही समाधान व्हायचं नाही.

पुढं नवी योजना आली आणि जुनी टाकी कोरडी पडली. सळया उघड्या पडल्या. गेल्या हिवाळ्यात प्लास्टरचा मोठा तुकडा खालच्या अंगणवाडीच्या अंगणात पडला. सुट्टी होती म्हणून निभावलं. मग ग्रामसभा बसली. काही म्हणाले पाडा. काही म्हणाले डागडुजी करून रंग द्या, गावाची खूण आहे, अक्कलकोट रस्त्यावरून दिसते. बोलणं काही केल्या संपेना, तेव्हा सरपंच वैजयंतीताईंनी कस्तुराबाईंना विचारलं. ती बांधणाऱ्यांपैकी सभेत त्या एकट्याच होत्या. त्या ठेवा म्हणतील असंच सगळ्यांना वाटलं.

"पाडा," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझी नात तितंच खेळती. पर पाडायच्या आदी मला एकदा आतनं बघायचीय."

लोक हसले. पाडायचा ठराव मात्र झाला.

काम बघायला सोलापूरहून ऋतुराज नावाचा तरुण इंजिनिअर आला. जिना गंजलाय, कुणाला वर सोडणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. कस्तुराबाईंनी वाद घातला नाही. शेळ्या घेऊन त्या रोज तिथं यायच्या आणि विचारायच्या, आधी कुठला खांब तोडणार, टाकी कुठल्या अंगाला पडणार, तिकडंच पडेल कशावरून? सुरुवातीला तो टाळायचा. पुढं पुढं काठीनं मातीत आकृती काढून समजावू लागला. जिन्याचं लोखंड उतरवायला क्रेन आली, तेव्हा त्यानं आपणहून विचारलं, "आजी, क्रेनच्या पाळण्यात बसाल का? पट्टा बांधावा लागेल."

"बांद की," त्या म्हणाल्या.

तोही सोबत बसला. वरचं झाकण काढलेलं होतं. त्यानं बॅटरी धरली आणि कस्तुराबाईंनी आत डोकावलं. तळाला भेगाळलेला गाळ, कबुतरांची पिसं, आणि भिंतीवर पाण्याचे पट्टे, एकावर एक. त्यांनी एक हाक मारून बघितली. आवाज आत फिरून जाडजूड होऊन परत आला, तेव्हा त्यांना हसू फुटलं.

मग त्यांनी मान वर केली. सगळं ओळखीचंच रान, पण काहीच ओळखू येईना. ते पत्र्याचं काय, ती रेघ कुठल्या ओढ्याची, असं त्या विचारत राहिल्या. पार टोकाला माळावर काही ठिपके हलत होते.

"मेंढरं असतील," ऋतुराज म्हणाला.

कस्तुराबाईंनी कपाळावर हात धरून तिकडं नीट निरखून बघितलं.

"आमचीच हायती," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब जातंय व्हय हे माणूस. मला कदी बोललं न्हाय."

खालून क्रेनवाला हाका मारू लागला, तेव्हा त्या उतरायला तयार झाल्या.

आठवड्याभरात टाकी मोकळ्या रानाच्या अंगाला पडली, ऋतुराजनं आखली होती तशीच. धुरळा बसल्यावर लोक जवळ जाऊन बघू लागले. अंगणवाडीच्या अंगणात मात्र आता दुपारभर कडक ऊन असतं. टाकीची सावली जाईल हे सभेत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पोरांसाठी पत्र्याचा मांडव घालायचं ठरलंय. तोवर कस्तुराबाईंची नात काव्या आणि बाकीची पोरं शेजारच्या कडुलिंबाखाली खेळतात.