मोटारीत न बसणाऱ्या धाकल्या काकी

दारात मोटार उभी असताना बैलगाडीनं जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या धाकल्या काकी. एकोणीसशे तीस साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. बारामतीत मोटार असलेली घरं तेव्हा मोजकीच, आणि आमच्या गुळाच्या आडतीवाल्या घरापुढं टपाची एक जुनी मोटार उभी असे. इंदापूरला कुणाचं लग्न निघालं की घरच्या बायका तिच्यात दाटीवाटीनं बसत. काकी मात्र गड्याला गाडी जुंपायला सांगत आणि मोटारीची धूळ खात मागून येत. त्या पोचेपर्यंत पंगती उठलेल्या असायच्या. कुणी विचारलंच तर म्हणत, "मोटार भरलेली हुती. मला कुठं जागा?"

जागा असायची. पण काकींच्या लेखी तिथं थोरली बसलेली असे.

काकी माझ्या चुलतसासू, पण वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. माझ्या यजमानांच्या चुलत्यांची, तात्यांची, ही दुसरी बायको. पहिली, म्हणजे थोरली, तापात गेली होती. तिची लुगडी, तिच्या पाटल्या, तिची चूल, सगळं काकींनी बिनतक्रार आपलं केलं. मोटार तेवढी तिची राहिली, आणि ती राहिली तात्यांमुळं.

मोटार म्हातारी झाली होती. आठवड्यातून एकदा तरी तात्या लिंबाखाली तिचं झाकण उघडून बसत. हात कामात गेले की तोंड आठवणीत जाई. "ह्या दाराला पोचा हाय ना, तो इंदापूरच्या बाजारातला. बैलानं शिंग मारलं. थोरली अशी हसली, अशी हसली, की बैलच बुजला!" प्लग पुसता पुसता ते थोरलीनं कालव्याच्या पुलावर टोपलीभर पेरू कसे सांडले ते सांगत. ऐकायला शेजारपाजारचे जमत. स्वयंपाकघरात काकी भाकरी थापत असत. थोरलीचं नाव आलं की परातीवरचा हात जोरात पडे. "हसायला काय झालं हुतं तिला?" त्या मला विचारत. "मोटार फुटली की माणूस रडतं." मी हसू दाबत असे, आणि मला त्यांचा थोडा हेवाही वाटे. माझ्या नवऱ्यानं माझ्यापुढं कधी कुणाचं नाव घेतलं नाही, आणि माझ्याही मनात असा जाळ कधी पेटला नाही.

एकदा तर त्यांनी कमाल केली. मोटारीच्या मागच्या गादीला थोरलीनं हातानं शिवलेली खोळ होती, कडेला लाल दोऱ्याची वेलबुट्टी. तात्या बाजारात गेलेले बघून काकींनी ती काढली, ओसरीवर बसून टाका न् टाका उसवला आणि तिच्या जागी नवी, स्वतःची शिवलेली खोळ चढवली. टाके इतके बारीक, की शिंप्यानं बघत राहावं. संध्याकाळी तात्या आले. त्यांनी गादीवरून हात फिरवला, काकींकडं एकदा बघितलं आणि जेवायला बसले. काकी दोन दिवस जेवल्या नाहीत. "भांडले असते तर बरं झालं असतं," मला म्हणाल्या. "न्हाय बोलले. म्हंजे तिचं किती खोल हाय बघ."

त्या वर्षी उसाची तोड चालू असताना कळसहून निरोप आला की काकींच्या वडिलांचं काही खरं नाही. बैल सगळे आमच्या कोऱ्हाळ्याच्या मळ्यात अडकलेले. काकी उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मोटारीकडं बघितलं आणि मागं जाऊन बसल्या. सोबतीला मी. पुढं तात्या एकटे.

कळस तीन-चार कोसांवर राहिलं असेल आणि पुढून वाफ उसळली. पंख्याचा पट्टा तुटला होता, टाकीतलं पाणी उकळत होतं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तात्या खाली उतरले, सवयीनं झाकण उघडलं आणि सवयीनंच म्हणाले, "असंच एकदा थोरली आन् मी…"

"आज तिला खाली उतरवा," काकी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "माझा बाप तितं वाट बघतोय. आज तरी तिला उतरवा."

तात्या रस्त्याच्या कडेला मटकन बसले. मग मान खाली घालूनच म्हणाले, "ती कशी हसायची, तेवढंच सांगत आलो मी. ती गेली कुठं, ते कुणाला सांगितलं न्हाय. कोऱ्हाळ्याहून डॉक्टरकडं आणत हुतो. हिच्यातच. वाटंत ही बंद पडली. मी खाली पडून खटपट करतोय, आन् वर ती हाका मारतीय. आलो, आलो म्हणत राहिलो. चालू करून वर आलो तवर…"

काकी खाली उतरल्या. मला घागर दिली आणि कालव्याच्या चारीवरून पाणी आणायला पाठवलं. परत आले तेव्हा तात्या दाभणानं पट्टा सांधायला बसले होते. दाभण त्यांच्या हातून चामड्यात शिरत नव्हतं. काकींनी ते काढून घेतलं. "द्या हिकडं. टाका माझा हाय." आणि बारीक, घट्ट टाके घालत गेल्या. पट्टा चढल्यावर तात्या उठेनात, तेव्हा त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "उठा. आज पोचायचं."

पोचलो. वडिलांनी लेकीला ओळखलं. तिच्या हातून पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

येताना काकी पुढं बसल्या. मला वाटलं, संपलं आता सगळं. पण काही दिवसांनी निवडण निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आता तर जास्तच जळते मी. मी पिकल्या केसाची हुईन, दात पडतील, ह्यांच्यावर खेकसन. ती तशीच हसत ऱ्हाणार. तिच्याशी कसं भांडू, सांग."

पुढं मोटार चढ चढेनाशी झाली. इंदापूरच्या एका माणसानं ती घेतली. तो न्यायला आला त्या दिवशी तात्या माजघरातून बाहेरच आले नाहीत. काकींनीच त्याला सगळं समजावलं. हँडल मारताना अंगठा कसा ठेवायचा, चढाआधी कुठं थांबायचं. मोटार कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग पदरानं तोंड पुसून माजघरात गेल्या आणि तात्यांच्या समोर मांडी घालून बसल्या.

"सांगा," म्हणाल्या. "तिचं. पयल्यापासनं."

तात्या आधी चाचरत, मग मोकळेपणानं सांगत राहिले. मी दाराआडून काकींचा चेहरा बघत होते. तो नुसता जळत होता. ओठ घट्ट मिटलेले, हाताच्या मुठी लुगड्यात रुतलेल्या. आणि तात्या कुठं थांबले, की त्याच बाई दात आवळून विचारत होत्या, "मग?"