कक्षेबाहेरचा धूर

नजमा गेली तेव्हा मी आमच्या वर्कशॉपातच होते, पुण्याला जायच्या मालाची खोकी बांधून घेत होते. तिच्या थोरल्या भावाचा, इक्बालभाईंचा फोन आला. "सुनंदा, नजमा गई," एवढंच म्हणाले आणि फोन न ठेवता तसेच थांबून राहिले. बायकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. धानोऱ्याची लताबाई उठली, तिनं एकेका टेबलावरचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि खाली बसून पदर तोंडाला लावला. आता महिना उलटून गेलाय. बाजारात लोक भेटतात, "फार गुणी बाई होती" म्हणतात. गुणी होतीच. पण मला तिचा राग येतो, आणि ज्या संघटनेवर तिनं एवढा जीव लावला तिचा त्याहून जास्त येतो. तेव्हा हा लेख नुसता हळहळीचा असेल असं वाचणाऱ्यानं धरून चालू नये.

आमची ओळख नंदुरबारच्या आयटीआयमधली. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. मी प्रकाशा गावच्या शेतकरी घरातली, रोज एसटीनं येणारी. ती गावातलीच, तिच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मला शिक्षण हवं होतं, कुठलं का असेना. तिला हेच हवं होतं. लहानपणापासून अब्बांच्या शेजारी बसून तिनं रेडिओची पोटं उघडलेली पाहिली होती, त्यामुळे वर्गात तिचा तोरा भारी. माझा पहिला जोड तिनं उचलून उजेडात धरला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "सुनंदा, हाऊ जोड नही, ढेकूळ शे." मला राग आला, पण तिनं जवळ बसून पुन्हा करून घेतला. तार, राळ, उष्णता, मग सोल्डर, तो मऊ धातू... वितळून ते पाण्यासारखं पसरलं पाहिजे, थेंबासारखं बसता कामा नये. पुढं आयुष्यभर आमचं असंच चाललं. ती नावं ठेवायची आणि मी पुन्हा करायची.

शिकून ती पुण्याला एका मोठ्या कारखान्यात लागली आणि तिथं तिला ती संघटना भेटली. नाव मी लिहीत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्यांनी मिळून चालवलेली ही संघटना. तिचं मोठं काम म्हणजे जोड कसा असावा हे ठरवणं. ते सगळं एका जाडजूड पुस्तकात फोटोंसकट दिलेलं असतं: हा जोड आदर्श, हा चालेल, हा नापास. नंदुरबारात केलेला सर्किट बोर्ड जर्मनीत गेला आणि तिथल्या माणसाला आवडला नाही, तर भांडायचं कशाच्या आधारावर? तर या पुस्तकाच्या. नजमा म्हणायची, त्या पुस्तकात कुणी लहान नाही की मोठं नाही, जोड काय तो बोलतो. ती परीक्षा पास होऊन निरीक्षक झाली, मग इतरांना शिकवण्याचा परवाना मिळवला. इंग्रजीला घाबरणारी मुलगी ते पुस्तक तोंडपाठ म्हणायची. त्यात वस्तूंचे तीन वर्ग असतात. पहिला सगळ्यात खालचा, चालली तर चालली अशा वस्तूंचा. तिसरा ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे अशा वस्तूंचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघून ती माझ्या आईसमोर म्हणाली, "पहिला वर्गना शे, पण चाली जाई." आईला काही कळलं नाही, ती बिचारी पहिला वर्ग ऐकून खूष झाली. नजमानं स्वतः लग्न केलं नाही. माझ्या हातचं भरीत खाऊनही ती "चालेल, आदर्श नाही" म्हणायची आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

अब्बा थकले म्हणून ती परत आली आणि धानोरा रस्त्याला शेड भाड्यानं घेऊन आम्ही दोघींनी वर्कशॉप काढलं. बायका गोळा केल्या, धानोऱ्याच्या, गावातल्या, दोघीतिघी डोंगरातल्या मोलगीकडून येऊन इथं राहिलेल्या. पुण्यातल्या एका कंपनीचे बोर्ड भरून, म्हणजे त्यांवर सुटे भाग जोडून द्यायचे. बायका तिला आपा म्हणायच्या. सगळ्यांना तिनंच शिकवलं, मोलगीच्या बायकांना फोटो दाखवून, हाताला हात धरून. आणि एक नियम घातला. काम चालू असताना पंखा बंद. वारा लागला की सोल्डर लवकर थंड होतं, जोडाची चकाकी जाते, कधी तडा पडतो. "पंखा बंद कर व माय, जोड थंडा व्हस," हे वाक्य आम्ही एवढ्या वेळा ऐकलं की नवी बाई आली की तिला पाणी कुठं आहे ते सांगायच्या आधी बाकीच्या हे सांगायच्या. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. पत्र्याखाली घाम टिपत बायका बोर्डावर वाकलेल्या, आणि जळलेल्या राळेचा गोडसर धूर सरळ वर येऊन एकेकीच्या नाकात. नजमा तर सगळ्यांत जास्त वाकायची, कारण तिला सगळ्यांचे जोड तपासायचे असत. पुण्याच्या कारखान्यात प्रत्येक टेबलावर धूर ओढून घेणारी नळी होती. आम्हीही बसवणार होतो. पण कंपनीचा तपासनीस यायचा तो पुस्तक हातात घेऊन. तो अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून बांधायचा पायातला पट्टा बघायचा, बोर्ड ठेवायची पिशवी बघायचा, भिंगातून जोड बघायचा. नळीचं त्यानं कधीच विचारलं नाही. जे कुणी विचारत नाही ते पुढच्या वर्षावर जातं, आणि आमच्याकडे ते दर वर्षी गेलं.

नंदुरबार हे मिरचीचं गाव. हंगामात गावाबाहेर मिरच्या वाळायला पसरतात, लांबून जमीन लाल दिसते, आणि वारा फिरला की अख्खं गाव खोकतं. नजमाही खोकत होती. कुणी काही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मिरचीना ठसका शे, बाकी काही नही." आम्हीही मान डोलावली. इथं जन्मलेल्या माणसाला त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. मिरची उचलून नेली, मैदानं मोकळी झाली, वैशाख लागला, तरी तिचा खोकला होताच. मग लताबाईलाही सुरू झाला. तेव्हा कुठं नजमानं मिरचीचं नाव घेणं सोडलं, आणि मला वाटतं त्याच दिवसांत तिला सगळं समजलं होतं.

तोवर ती संघटनेच्या समितीत होती. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची तेव्हा जगभरातले असे लोक बिनपगारी बसून एकेका ओळीवर चर्चा करतात. संध्याकाळी ती ओढणी नीट करून लॅपटॉपसमोर बसायची, पडद्यावर कुठकुठल्या देशांचे चेहरे, आणि आमची नजमा त्यांना तिच्या खणखणीत इंग्रजीत सांगायची की अमुक फोटो संदिग्ध आहे, बदला. आणि ते बदलायचे. मी कौतुकानं मागं उभी राहायचे, खोटं कशाला बोलू. त्या समितीपुढं तिनं एक सूचना मांडली: जोड स्वीकारताना तो करणाऱ्या माणसाच्या तोंडापासून धूर बाजूला काढला जातो की नाही, हेही तपासावं. एक ओळ फक्त. पुस्तकात ओळ आली की तपासनीस विचारणार, आणि तपासनीसानं विचारलं की जगातल्या प्रत्येक शेडमध्ये नळी बसणार, हा तिचा सरळ हिशेब. उत्तर फार सभ्य आलं. विषय महत्त्वाचा आहे, परंतु हे पुस्तक वस्तूबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. सबब सूचना कक्षेबाहेरची आहे. तिनं हरकत नोंदवून ठेवली. तिथं सगळ्यांचं एकमत लागतं, त्यामुळे काम अडलं. मग एकेकाचे गोड फोन सुरू झाले. एका संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मी हरकत मांगे ली लिधी."

"कसाले?" मी विचारलं.

"मन्हामुये आख्खं पुस्तक थांबी ऱ्हायनं व्हतं, सुनंदा."

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, थांबू दे ना पुस्तक, पुस्तक थांबल्यानं कुणाला दम लागतो? तिला माझं पटत होतं, हे मला दिसत होतं. पण ज्या घरानं तिला मान दिला त्या घराचं दार अडवून उभं राहणं तिच्यानं होईना. रेडिओवाल्याच्या पोरीला त्यांनी जगाच्या टेबलाशी बसवलं होतं. एवढ्या सुज्ञ बाईनं एवढ्याशा खुर्चीसाठी माघार घ्यावी, याचा राग मला अजून येतो. नवी आवृत्ती आली, आत बारीक अक्षरांत स्वयंसेवकांच्या नावांत तिचं नाव होतं. तिनं ते पान मला दाखवलं नाही. माझं मीच शोधलं.

पुढचं लवकर झालं. सुरतेच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, फुप्फुसं कडक झालीत म्हणाले, कशानं ते ठामपणे सांगितलं नाही. विचारलं, "घरी चुलीवर स्वयंपाक करता का?" नजमाला हसू आलं, आणि हसता हसता तिला असा खोकला लागला की नर्स धावत आली. मी शेवटची भेटले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी तिकडे पाहिलं, तिनंही पाहिलं. आम्हा दोघींच्या मनात एकच आलं असणार. ती म्हणाली, "तू टेबलवर नळी बसाडी ले." मी हो म्हटलं आणि तिनं डोळे मिटले.

संघटनेचं शोकपत्र आलं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे क्षणभर स्तब्ध राहिले, तिच्या सेवाभावाची आठवण राहील, वगैरे. मी उत्तर लिहिलं की आठवण ठेवायचीच असेल तर तिची ती ओळ घ्या. अध्यक्षांनी फार आदरानं कळवलं की कामगारांच्या आरोग्याचं ज्या त्या देशाचं सरकार पाहतं, आमची कक्षा वेगळी. त्यांचं चूक आहे असं मला सिद्ध करता येत नाही, आणि तेच मला खातं. सरकार म्हणतं कारखान्यानं पाहावं, कारखाना म्हणतो पुस्तकात नाही, पुस्तक म्हणतं आम्ही फक्त जोड पाहतो. ज्या माणसानं जोड केला त्याला पाहायला या सगळ्यांत कुणी उरत नाही. मला विचाराल तर त्यांच्या वर्गवारीत आमच्या बायका पहिल्या वर्गाच्याच, चालल्या तर चालल्या.

नळ्यांची ऑर्डर मी दिलीय, त्या यायला वेळ आहे. तोवर मी सांगून टाकलं की पंखा चालू राहील, जोड बिघडले तर मी बघेन. पहिल्याच खेपेला बरेच बोर्ड परत आले, जोड निस्तेज म्हणून. परवा दुपारी मी बँकेतून परतले तर आत सगळं चिडीचूप, पंखा बंद, खोलीत करडा धूर अडकलेला आणि सगळ्याजणी खाली वाकलेल्या, नजमानं शिकवलं तशा, नाक बोर्डाला टेकेल इतक्या. मी विचारलं, हे काय. लताबाई खोकली, मग म्हणाली, "आपा ऱ्हाती ते बंदच करती, ताई. माल पास व्हवाले जोयजे ना." मी पंखा लावला आणि शेजारच्या खोलीत येऊन बसले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि पंख्याची घरघर हळूहळू थांबली.